कोरडा डोळा

म्याक आजोबांनी ड्रॅगनच्या डाव्या डोळ्यावर अंगठा टेकवला, आणि तो कोरडाच वर आला.

डोळे उघडून झाले, म्हणजे दोन्ही बुबुळं शेंदराने रंगवून झाली, की ड्रॅगनच्या तोंडावरून एकदा हात फिरवायचा आणि मग ते लाकडी डोकं शर्यतीच्या नावेवर चढवायचं, ही साकौ गावची रीत. देवळाच्या पायरीवर दोन गड्यांनी डोकं धरून ठेवलं होतं. आजोबांनी हात पलीकडे नेला. उजवं बुबुळ ओलं होतं, चांगलं जाडसर. तिथे कुंचला दोनदा फिरला होता.

कसं झालं ते त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं. पहिला डोळा रंगवल्यावर गड्यांनी डोकं वळवलं, इतक्यात फटाके लागले, कुणा पाहुण्याने फोटोसाठी ते परत फिरवायला लावलं, आणि आजोबांनी समोर दिसला त्या पांढऱ्या गोलावर कुंचला टेकवला. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांवर केव्हाचा पडदा आला होता. सकाळी तांदळाच्या कडक दारूत शेंदूर कालवतानाही अंदाज चुकला, एक थेंब डोळ्यात उडाला आणि कितीतरी वेळ डोळा उघडेना. तरी ते कुणाला बोलले नाहीत. ड्रॅगनचे डोळे उघडायचा मान गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्याचा. तो सोडला की घरात बसून नुसता भात चिवडायचा.

"लायक्वान," त्यांनी सुनेला जवळ बोलावलं, "नीट बघून सांग. डावा डोळा रंगलाय का?"

तिने आधी आजूबाजूला पाहिलं. "बाबा, आजच्या दिवशी असलं काही विचारू नका."

"म्हणजे तू पाहिलंस."

"सगळ्यांनीच पाहिलं. बोलणार कोण?"

खरंच होतं ते. वर्षभर खाडीच्या चिखलात पुरलेली नाव वर काढली, की शर्यत संपेपर्यंत गावात वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही. हातातली वाटी फुटली तरी बायका वाटी वाढली म्हणतात. अख्ख्या गावाने आळीमिळी गुपचिळी करून एकाच डोळ्याच्या ड्रॅगनला टाळ्या दिल्या होत्या. आजोबांना आधी लाज वाटली, मग लोकांचा राग आला. मग भीती वाटली, आणि ती काही जाईना.

कारण सुकाणूवर हिन होता, त्यांचा नातू, लायक्वानचा एकुलता एक. साकौची खाडी अरुंद, दोन्ही काठ दगडी. पुलापलीकडे ती एकदम उजवीकडे वळते आणि भरधाव आलेली नाव डाव्या काठावर फेकली जाते, नेमकी ड्रॅगनच्या आंधळ्या बाजूला. तिथे सुकाणूवाल्याने सगळं अंग टाकून ती सावरायची असते. यंदा पाऊस बेफाम झाला होता, पाणी काठाच्या पायऱ्या चढून आलं होतं.

आजोबांनी मान गेला तर जाऊ दे म्हटलं आणि ढोलवाल्या फुकला हाक मारली. नावेवर त्याचाच हुकूम चाले.

"फुक, थांब जरा. डावा डोळा राहिलाय."

फुक लोकांकडे वळला. मग त्याने खड्या आवाजात सांगितलं, "ऐकलंत का मंडळी, आजोबा म्हणतायत दोन्ही डोळे लखलखतायत." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. फुक आजोबांच्या कानाशी वाकला. "शर्यतीला आलेलं पाहुण्यांचं गाव समोर उभंय, आजोबा. आता परत कुंचला धरलात तर एकही गडी वल्हं उचलायचा नाही. पाया पडतो, गप बसा."

डोकं नावेवर चढलंसुद्धा. हिन पाया पडायला आला तेव्हा त्याच्या तोंडात पानात शिजवलेला चिकट भात होता.

"तोंड का पाडून बसलायत, आजोबा? त्याचा एक राहिला तर राहिला. मला आहेत की दोन."

"हळू बोल, गाढवा." आजोबांच्या हातात शेंदराची वाटी अजून तशीच होती. त्यांनी अंगठा तिच्यात पार बुडवला. "डोळा मीट."

"कुठला?"

"डावा."

त्यांनी चाचपत त्याच्या पापणीवर शेंदराचं जाडच्या जाड बोट ओढलं. हिन हसला, म्हणाला, "आता मीच ड्रॅगन," आणि नावेकडे पळाला. आजोबांच्या जिवावरचं ओझं उतरलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना तहान लागल्याचं कळलं.

ढोल वाजला. लायक्वान त्यांचा दंड धरून काठावर उभी राहिली आणि दिसेल ते सांगू लागली. आपली नाव पुढे आहे. पाहुण्यांची मागे पडलीय. फुक वेड्यासारखा बडवतोय.

"पूल?"

"शिरली पुलाखाली. काय पाणी उडतंय बाबा, हिन डोक्यापासून निथळतोय."

आजोबांनी कपाळावरचा घाम पुसायला हात वर नेला. अंगठ्याला अजून दारूचा उग्र वास येत होता. सकाळी डोळ्यात उडालेला तो थेंब त्यांना आठवला.

"वळणाला लागली," लायक्वान म्हणाली. मग जरा थांबून, "हा सुकाणू एका हाताने का धरतोय? डोळा चोळतोय वाटतं."

"कुठला?"

लायक्वानची बोटं त्यांच्या दंडात रुतली. काठावरचा गलका एकाएकी थांबला होता, एकटा ढोल तेवढा वाजत होता.

"लायक्वान, कुठला डोळा?"

ती काही बोलली नाही. आजच्या दिवशी असलं काही बोलायचं नसतं.