सातवी सळई

"चहात पोपडे पडतायत. चहा प्यायचा की रंग?" म्हातारा रंगारी कपावर तळहात धरून पुटपुटला.

"तुम्हीच फासलेला रंग आहे, भावजी. गिळा मुकाट्याने," वहिनी म्हणाली. थर्मास घेऊन ती झुलत्या पुलाच्या तोंडाशी, दगडी कट्ट्यावर बसली होती. पुलाच्या फळ्यांवर ती कधी पाऊल टाकत नसे.

पुलाला शंभर वर्षं होणार, म्हणून सरकारने पाठवलेली एक इंजिनिअर मुलगी तो ज्यांवर टांगलेला होता त्या उभ्या सळया खरवडून तपासत होती. पुलाचा इतिहास लिहायचं कामही तिच्याच गळ्यात पडलेलं. जुने कागद पुरात गेलेले. उरले होते रंगाचे थर. पहिल्या सळईचा पोपडा तिने रंगाऱ्यापुढे धरला.

"वरचा हिरवा, मी काम सोडलं त्या वर्षीचा," तो खुशीत आला. "त्याखाली निळा. तो कुणालाच आवडला नाही, नदीलासुद्धा. मग करडा. त्याच्या खालचे सगळे दादाने आणि मी जोडीने दिलेले. करडा मी एकट्याने दिला."

"दादा?"

"माझा नवरा," वहिनी म्हणाली. "करड्याच्या वर्षी सळया घासताना पुलावरून पडला. पिऊन चढला होता. चौकशीत भावजींनीच सांगितलं तसं. तुम्हीही तेच लिहा." तिने थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं. "एकतीस वर्षं ऐकतेय. आता पाठच झालंय."

रंगारी चहातला पोपडा बोटाने काढत राहिला.

मुलगी पुढे सरकली. सातव्या सळईवर पातं फिरलं आणि आवाज बदलला. खरखर नाही, मऊ. हिरवा निघाला, निळा निघाला, करडा निघाला. खाली लोखंड नव्हतंच. पुट्टीत लिंपलेली चिंधी होती. तिने ती सोडवली. आत सळई तुटलेली. दोन टोकांमध्ये बोटभर फट.

"अहो, ही तुटलेली सळई आहे!" ती किंचाळली. "चिंधी बांधून वरून रंगवलीय! करड्याच्याच वेळी!"

रंगाऱ्याचा कप कलंडला. चहा त्याच्या चपलेवर सांडला, तरी पाय हलला नाही.

वहिनी उठली. तिने पहिल्या फळीवर पाय ठेवला.

"बाई, थांबा! पूल बंद आहे!"

पूल डुलला. ती थांबली नाही. कठडा धरत धरत सातव्या सळईपाशी पोचली आणि तिने फटीत बोट घातलं. बोट आरपार गेलं. ते तसंच ठेवून तिने मागे वळून पाहिलं.

रंगारी कट्ट्यावरून उठला, पुन्हा बसला.

"दादा प्यायलेला नव्हता, वहिनी."