साळिंदराचं पुस्तक

"चुकलं," डेव्हिन म्हणाला आणि त्याने टेबलावरचं साळिंदर वेंडेलसमोर सरकवलं.

साळिंदर मुखपृष्ठावर होतं. आत सर्व्हर कसे सांभाळावेत याची सहाशे पानं होती. सॅन होजेच्या या कंपनीत नोकरीला येणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा याच पुस्तकावरून घेत. परीक्षा घेणारा डेव्हिन सव्वीस वर्षांचा, वेंडेल टिझडेल एकसष्टचा. प्रश्न साधाच होता. डिस्क बिघडू लागली तर आधी सर्व्हर बंद करायचा, की आधी माहितीची प्रत काढायची? आधी बंद करायचा, असं वेंडेलने सांगितलं होतं.

"पान दोनशे बारा. आधी प्रत, मग बंद. साळिंदरापुढे आम्ही इथे कुणाचंच ऐकत नाही."

हे लिहिलंय कुणी ते ठाऊक आहे का, असं वेंडेलने विचारलं.

"लेखक कोण बघतं हो? सगळे साळिंदराचं पुस्तकच म्हणतात."

म्हणतात खरं. पहिल्या तीन आवृत्त्या वेंडेलच्या होत्या. त्याला मुखपृष्ठावर गरुड हवा होता. पण प्रत्येक पुस्तकावर एक प्राणी छापायचा आणि कोणता ते लेखकाला विचारायचं नाही, असा त्या प्रकाशकाचा रिवाज. गरुड भलत्यालाच गेला, याच्या वाट्याला काटे आले. पुस्तक छापून हातात पडलं तेव्हा त्याला दिसलं की दोनशे बारा पानावर आपण दोन पायऱ्यांची अदलाबदल करून बसलोय. बिघडती डिस्क चालू राहिली तर उरलीसुरली माहितीही जाते; म्हणून आधी बंद, मग डिस्क काढून प्रत, असं हवं होतं. त्याने प्रकाशकाला तीन पत्रं लिहिली. त्याच सुमारास वाचकांची चाळीस पत्रं आली होती, साळिंदराची शेपूट आखूड काढलीय म्हणून. पुढच्या आवृत्तीत शेपूट लांब झाली. चूक जिथल्या तिथे राहिली. चौथ्या आवृत्तीला दोन तरुण लेखक आले आणि वेंडेलचं नाव मुखपृष्ठावरून गेलं. साळिंदराला कुणी हात लावला नाही.

मागच्या दोन मुलाखतींत त्याने हे सगळं सांगून पाहिलं होतं. समोरच्यांनी मुखपृष्ठावरची नावं वाचली, त्याच्याकडे पाहिलं आणि हसू दाबलं. जुनी नोकरी फेब्रुवारीत गेली, तिच्याबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही गेला. त्याच्या बायकोचं, लोर्नाचं, केमोचं पुढचं इंजेक्शन पंधरा दिवसांवर आलं होतं. खरं बोलणं त्याला परवडणारं नव्हतं, आणि या गोष्टीची त्याला मनापासून लाज वाटत होती.

त्याने ते पान वाचलं. शब्द न् शब्द त्याचाच होता.

"पुस्तक बरोबर आहे," तो म्हणाला. "आधी प्रत."

डेव्हिनचा चेहरा खुलला. उठून त्याने हात मिळवला. सोमवारपासून या, म्हणाला, विमा पहिल्या दिवसापासून लागू होतो.

"खरं सांगू, मिस्टर टिझडेल? तुमच्या वयाची माणसं चूक कबूलच करत नाहीत. तुमची अजून शिकायची तयारी आहे."