बिनधुराचं घर

“धूर थांबलेलं घर नांदत न्हाय, पोरी.”

शेणाच्या गॅसची शेगडी घरात आली त्या दिवशी गजराबाई असं म्हणाल्या होत्या. कुमुद नुसती हसली. सासूच्या अशा म्हणी पुष्कळ. भूगोल घेऊन बी.ए. झालेल्या सुनेनं त्या कुठवर मनावर घ्यायच्या?

त्यालाही आता तिसरा उन्हाळा लागला होता. पाऊस नव्हता, पण गॅस होता. परसातल्या टाकीत शेण कालवलं की शेगडीवर निळी जोत पेटायची. ना सरपण, ना फुंकणी. जन्मल्यापासून धापा टाकणारा व्यंकट आता मोकळा श्वास घ्यायचा. तीन वर्षांचा होत आला तरी दुपारी त्याला झोळीच लागायची, मधल्या घरातल्या तुळईला बांधलेली. कुमुद तासातासाला शेगडीची चावी तपासायची, नळी हुंगायची. तिला भीती होती ती गॅसची.

मग सासूची वाटायला लागली.

एकदा ती पाणी घेऊन आली तर मधलं घर धुरानं कोंदलेलं. झोळीखाली घमेल्यात शेणी आणि लिंबाचा पाला जळत होता. व्यंकटची छाती भात्यासारखी हलत होती. कुमुदनं घमेलं उचलून अंगणात भिरकावलं.

“लेकराचा जीव घेता का, आत्याबाई?”

“त्याच्यासाठीच केलं.”

“कशाला?”

“तू शिकल्याली. तुला म्या काय सांगावं?”

त्यानंतर दोघींचं बोलणं कामापुरतंच उरलं.

भिंतीवर मातीच्या बारीक रेघा दिसू लागल्या त्यानंतरच. जमिनीपासून निघालेल्या, वर तुळईपर्यंत गेलेल्या. एका दुपारी गजराबाई पाटावर चढून भिंतीला हात लावताना सापडल्या. बोटं मातीनं भरलेली.

“काय चाललंय?”

“पुसायले.”

कुमुदला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी रेघा पुन्हा होत्या. झोळीत, व्यंकटच्या छातीवर, चिमूटभर माती होती. करणी हा शब्द कुमुदनं आयुष्यात कधी उच्चारला नव्हता. त्या दिवशी तो मनात आला आणि तिथंच बसला.

गजराबाईंनी आणखी एक खोड धरली. कुमुदची पाठ फिरली की झोळी सोडायच्या आणि अंगणातल्या लिंबाला नेऊन बांधायच्या. बाहेर उन्हाच्या झळा. कुमुद ती परत आणून तुळईला बांधायची, दरवेळी गाठ आणखी आवळून.

कोसभरावरच्या अणदूरला दूध सोसायटीची सभा ठरली. कुमुदचा नवरा ज्ञानोबा सोसायटीचा सेक्रेटरी. बायकांना गॅसचं तिनंच सांगावं, असा त्याचा आग्रह. निघताना तिनं झोपलेल्या व्यंकटच्या झोळीला दुहेरी गाठ मारली आणि शेजारच्या केशरबाईंना दारात बसवलं.

“काकू, काही झालं तरी आत्याबाईंना झोळीपाशी फिरकू देऊ नका.”

“बस म्हणलीस तर बसते बाई,” केशरबाई म्हणाल्या. “पण आजीला नातवापासनं तोडायचं म्हंजे...”

“तोडत नाही. जपतेय.”

दाराआडच्या कोपऱ्यात चुलीच्या दिवसांतला एक ओंडका भिंतीला टेकून उभा होता. सभेत दाखवायला तिनं तो घेतला. ज्ञानोबानं एका हातानं उचलून दुधाच्या टेम्पोत टाकला.

“वाळून पार कापूस झालाय की गं.”

टेम्पो त्यांना सोडून दूध घेऊन पुढं गेला. मांडवात माणूस मावत नव्हता. पहिल्याच रांगेत पागोटं मांडीवर घेऊन हिंमतराव बसले होते. बागायतदार, जिभेचे तिखट.

“सेक्रेटरीणबाई, हितं प्यायला पाणी न्हाय. शेण कशात कालवावं, घामात?”

मांडव हसला.

“भांड्याचं खरकटं पाणी चालतं,” कुमुद म्हणाली.

“अन् गॅसवरची भाकरी शेणावानी लागती म्हणं,” मागून मल्लम्मा ओरडली.

“इतकी वर्षं शेणीवर भाजलेली खाल्लीत, ती कशी लागली?”

आता बायका हसल्या. सरपणापायी झाडं तुटली, म्हणून पाऊस गेला, हे कुमुदनं सुरुवातीलाच सांगितलं होतं; हिंमतराव मात्र हटेनात.

“पाऊस काय झाडामुळं जातुय? माणसाची नियत गेली, म्हणून गेला.”

“नियत गेली म्हणूनच झाडं गेली, दादा. उघड्या माळावर ओल धरणार कोण? आणि एकट्या चुलीचंही नाही. शहरातल्या गिरण्या कोळसा जाळतात, तो धूर वर साठतो. त्यानं सगळी हवाच तापायला लागलीय, असं शास्त्रज्ञ म्हणतात.”

“म्हंजे धूर त्यांचा अन् तहान आमची?”

“व्हय. अगदी तसंच.”

हिंमतरावांनी मान डोलावली. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळा मांडवच वाजू लागला. हीच वेळ, असं वाटून कुमुदनं टेबलावरचा ओंडका दोन्ही हातांत घेतला.

“हे बघा. आमच्या बांधावरचा आंबा होता. खोड घराच्या तुळईला गेलं, बाकीचं चुलीत. हा एक ओंडका गॅसमुळं वाचला. आमच्या घरात धूर नाही तेव्हापासून हा जसाच्या तसा...”

तिनं तो सगळ्यांना दिसावा म्हणून वर धरला, आणि तो तिच्या बोटांत चेपला. सालीचं नुसतं टरफल होतं. मधोमध मोडून दोन तुकडे टेबलावर पडले. आत लाकूड नव्हतंच, नुसती माती होती, बारीक, व्यंकटच्या छातीवर सापडायची तशी. त्या मातीतून पांढरी वाळवी बुजबुजत तिच्या मनगटावर चढली.

टाळ्या थांबल्या. माईक चालूच होता.

“कुणाची सायकल आहे?” कुमुदचा आवाज कर्ण्यातून चिरकला. “कुणीही, तुमच्यापैकी कुणीही, आत्ता माझ्या घरी जा. दारात केशरबाई बसल्यात, त्यांना उठवा. सासूबाईंना सोडा म्हणावं आत. त्याच आंब्याच्या तुळईला बांधलेल्या झोळीत माझं लेकरू झोपलंय, तेवढं बघा.”