जपानी गुरूचं उत्तर

बीडमध्ये लग्नाच्या बँडात कीबोर्ड वाजवणारा अंगद एका जपानी जॅझ ऑर्गनवादकाला गुरू मानायचा. त्याच्या बाराही रेकॉर्ड आपल्याला तोंडपाठ आहेत, असं तो चारचौघांत सांगायचा. एकदा त्यातलीच एक धून वाजवून त्यानं म्हाताऱ्या गुरूला मेलनं पाठवली. आठवड्यानं उत्तर आलं. मोबाईलनं त्याचं मराठी करून दाखवलं : "तुमची ही धून फार सुंदर आहे. माझ्या शेवटच्या रेकॉर्डसाठी मला शिकवाल का?"

बायको शिवकन्या हरखली. अंगद मात्र कपाळाला हात लावून हसत सुटला.

"अगं, त्याचीच हाय ती! मलाच धड आली न्हाई."

"मग आता वो?"

"आता काय," कीबोर्ड पुढं ओढत तो म्हणाला, "कुठं कुठं चुकलो, ते पाठ करावं लागंल."