नाल्याची बाधा

नात चिऊ जन्मली त्याच साली, तिचं बारसं व्हायचं राहिलेलं असताना, संताजी पहिल्यांदा आमदाराच्या सोफ्यावर बसला. सोफा इतका मऊ, की म्हातारा त्यात रुतलाच. समोर दोन आमदार होते. एक मोटारीच्या किल्लीने कान कोरत होता. दुसरा पेढा चघळत मोबाइलमध्ये बघत होता.

मोबाइल अर्पितचा. अर्पित देवासचा, नारायणरावांचा नातू, म्हणजे आपल्यातलाच, मराठी घरातला. जंगलातून मोटारसायकली उडवणाऱ्या पोरांच्या क्लबाचा तो सेक्रेटरी. पावसाळ्याच्या अखेरीस त्यांची टोळी राजगढच्या पुढे, संताजीच्या खेड्यात आली आणि गाड्या नाल्यात अडकल्या. संताजीने पिठाची चक्की बंद केली आणि दोर घेऊन धावला. चिखलाने माखलेला अर्पित हसत काठावर आला.

"काका, काय जबरदस्त बाधा आहे हो तुमच्या नाल्यात!" तो मराठीत म्हणाला. "मी आमदारांना सांगतो. तुम्ही फक्त सोबत चला."

बाधा! संताजीला शब्द पटला. त्याच्या घरात मीठमोहऱ्या ओवाळून बाधा उतरवत. नाल्याला खरोखरच काहीतरी बाधलं होतं. पावसाळाभर गाव पलीकडे कोंडून पडे. पाण्यावरून वाट नेणारा एक बुटका पूल, रपटा म्हणतात तो, एवढंच गाव मागत होतं. सरपंच बदलले. मोजणीवाले आले, चुन्याच्या रेघा ओढून गेले. रेघाही वाहून गेल्या. आणि आता आपल्या बोलीतला एक शिकलेला पोरगा आपणहून म्हणत होता, मी सांगतो. संताजीने ठेवणीतलं धोतर काढलं आणि बस धरून धारला आला.

"भिया, ये देखो," अर्पित आमदारांना म्हणाला.

मोबाइलवर गाड्या नाल्यात घुसत होत्या. पाणी दोन्हीकडे उडत होतं, पोरं किंचाळत होती. काठावरची बाभूळ दिसली तशी संताजीने नजर वळवली.

"पूरा ट्रैक जंगल का रहेगा. बाहर से राइडर आएँगे, होटल चलेंगे. बस, सरकार पैसा दे दे. और बाधाएँ सब कुदरती हैं." अर्पित वळला. "काका, सांगा ना तुम्ही. किती खराब आहे नाला?"

संताजी सोफ्यातून कसाबसा उठला. बसमध्ये त्याने सगळं मनात घोकलं होतं. सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी सांगायची म्हणून राखून ठेवली होती.

"साहेब, पानी छाती तक आता है," तो म्हणाला. "खाली शेवाळ. पैर टिकता नहीं. मास्तरांची गाडी वाहून गेली, ती पार खाली बंधाऱ्यात सापडली. मानाजीचा ट्रॅक्टर उलटला. कंबर मोडली त्याची. अजून खाटेवर आहे बिचारा."

"ट्रैक्टर उलट गया?" किल्लीवाल्या आमदाराने कान कोरायचं थांबवलं आणि पुढे सरकला. "क्या बात है!"

संताजीला वाटलं, याच्या काळजाला लागलं. "हो साहेब. आणि यंदा नागपंचमीला..."

"बस काका, बस!" अर्पितने त्याचा दंड दाबला आणि शाबासकी म्हणून एक पेढा त्याच्या तोंडात कोंबला. "देखा भिया? पूरे मालवा में ऐसी बाधा नहीं मिलेगी."

पेढेवाल्या आमदाराने तुपकट बोटं सोफ्याला पुसली. "विधानसभा में हम दोनों उठा देंगे. पर वहाँ तो रपटे की बात चल रही थी ना?"

"रपटा बन गया तो मज़ा क्या रहेगा?" किल्लीवाला म्हणाला. "रुकवा दो. नाले को कोई हाथ नहीं लगाएगा."

संताजी उभाच राहिला. बाधा उतरवायला इथे कोणी बसलंच नव्हतं. यांना ती हवी होती, जशीच्या तशी, शेवाळासकट. तोंडातला पेढा गिळवेना. खोलीतलं अत्तर, तूप, अर्पितच्या चामडी जाकिटाचा वास, सगळं एकदम अंगावर आलं.

"अर्पित," तो भरल्या तोंडाने म्हणाला, "बाधा म्हणजे काय, ठाऊक आहे का रे तुला?"

"रुकावट ना, काका? बाधा-दौड़ असते ना शाळेत, तीच." अर्पित हसला. "माझं मराठी जरा कच्चंच आहे. बरं, एक शेवटचं काम. प्रत्येक बाधेवर आम्ही नावाचा बोर्ड लावतो. गावात काय म्हणतात या नाल्याला? झकास नाव पाहिजे हं!"

संताजीने तोंडातला पेढा हातावर काढला आणि आमदाराच्या काचेच्या टेबलावर ठेवला. ओला, अर्धा चावलेला.

"नीतूचा नाला," तो म्हणाला. "यंदापासून तेच म्हणतात."

"नीतू!" किल्लीवाला खदखदून हसला. "अरे वाह काका! कौन है ये, कोई हीरोइन?"

"नीतू क्रॉसिंग," अर्पित मोबाइलवर लिहू लागला. "मस्त! एकदम हिट!"

संताजी जिना उतरला.

नीतू त्याची सून, चिऊची आई. त्याच साली, नागपंचमीच्या दुपारी, पाणी ओसरायची वाट बघत बाभळीखाली उभ्या असलेल्या ट्रॉलीत ती चिऊला जन्म देऊन वारली.