वीतभर माया

"कापताना माया सोडायची. कमी पडली तर रडावं लागतं, जास्त झाली तर आत दुमडता येते."

सासऱ्यांचं हे वाक्य शिंपीणबाईंनी दुकानात उभा जन्म ऐकलं होतं. आज फाटकात अडकलेल्या नावेकडे बघताना ते पुन्हा कानात वाजलं. सासरे बिचारे कापडाबद्दल, शिवणीला जादा सोडायच्या पट्टीबद्दल बोलत. त्यांच्या मुलानं, शिंपीबुवांनी, ते लाकडालाही लावलं होतं.

नाव छोटीशी, शिडाची, त्यांनी हौसेनं घेतलेली. चाकांच्या गाड्यावर बसवून तळ्यापर्यंत ओढत न्यायची. नेताना डोलकाठी उतरवून नावेवर लांब आडवी ठेवावी लागते. तिचं मागचं टोक लोंबकळू नये म्हणून खाली टेकू हवा. तो शिंपीबुवा घरीच करत होते. दोन पाय कात्रीसारखे जोडलेले, वर बेचकं, बेचक्याला आतून जुन्या कोटाचं अस्तर. शिंप्याचा टेकू म्हणजे अस्तर आलंच.

"टेकू तयार होईल त्या दिवशी मी नावेत बसेन," असं बाईंनी कबूल केलं होतं. पाण्याला त्या इतक्या भीत, की भरल्या बादलीतही वाकून बघत नसत. पण वचन शिंप्याच्या तारखेला बांधलेलं होतं, तेव्हा काळजी नव्हती. ज्या दुकानात लग्नाचा कोट नवरदेवाला पहिलं मूल झाल्यावर मिळे, त्या दुकानाचा टेकू तो! तरीही खबरदारी म्हणून रोज दिवा लावताना त्या हळूच म्हणत, "देवा, टेकू लांबू दे."

आणि आज सकाळी टेकू तयार. सांगितलेल्या दिवशी. आयुष्यात पहिल्यांदा.

बाईंच्या भावानं जीप सुरू केली. नावेचं नाक फाटकातून बाहेर पडलं, पोट बाहेर पडलं, आणि खट्! डोलकाठीचं मागचं टोक फाटकाच्या कमानीवर आपटलं.

"दाजी, टेकू वीतभर उंच झालाय!" भाऊ जीपमधून ओरडला.

"उंच नाही. माया आहे ती."

"कशाला? डोलकाठी काय पुढे अंगानं भरणार आहे?"

"सांगता येतं का?"

"कापून टाका की मग."

"सोडलेली माया कापत नसतात. दुमडतात."

"बरं. इस्त्री आणू?"

शिंपीबुवांनी एकदा टेकूकडे पाहिलं, एकदा कमानीकडे, आणि पायरीवर मटकन बसले. "राहू दे," ते म्हणाले. "उद्या बघू."

उद्या! बाईंचा जीव भांड्यात पडला. आता फक्त गप्प बसायचं होतं. त्यांनी मनातल्या मनात देवाला हात जोडले, आणि तिथेच त्यांना चटका बसला. लांबू दे म्हटलं होतं. देवानं शब्द न् शब्द ऐकला होता. टेकू लांबला होता, चांगला वीतभर. आणि ज्या माणसानं जन्मात एकदा वेळेवर काम दिलं, तो तोंड पाडून पायरीवर बसला होता.

बाई आत गेल्या आणि करवत घेऊन आल्या.

"अहो, उठा. पाय धरा टेकूचे. मीच कापते. चूक माझी आहे."

"तुझी कशी?"

"उद्या सांगते."

दोघा पुरुषांनी डोलकाठी उचलून टेकू मोकळा केला. शिंपीबुवांनी सवयीनं कानामागचा खडू काढून रेघ मारली. "दोन बोटं तरी ठेव गं."

"एकही नाही."

करवत चालली. दोन्ही पायांचं वीतभर लाकूड खाली पडलं. टेकू पुन्हा जागेवर बसला, डोलकाठी त्यावर निजली, आणि जीपनं ओढताच कमानीखालून अलगद सरकली. शिंपीबुवा लहान मुलासारखे टाळ्या पिटू लागले.

"ताई, चल, बस लवकर!" भावानं हॉर्न वाजवला.

बाई पुन्हा घरात गेल्या. स्वयंपाकघरात काहीतरी ओतल्याचा आवाज आला, मग पत्रा वाजल्याचा. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या पाठीला, पोहायला शिकणाऱ्या पोरासारखा, घट्ट झाकणाचा रिकामा डबा होता, पायजम्याच्या नाडीनं करकचून बांधलेला. कोणाकडेही न बघता त्या जीपमध्ये चढल्या, आणि पाठ टेकता येत नव्हती म्हणून ताठ बसल्या.