लाल वायर

मागच्या खोलीतल्या सिंथेसायझरांना कुणीतरी हात लावतंय, अशी नायदेनची खात्रीच झाली. रोज एक लाल वायर वेगळ्याच भोकात खोचलेली सापडायची, रोज तो ती परत जुन्या जागी लावायचा. घरच्यांखेरीज घराची किल्ली त्याच्या जोडीनं वाजवणाऱ्या मोमचिलकडेच होती. नायदेननं ती काढून घेतली, बोलणं टाकलं. तरी वायर हललीच! “लेकाच्यानं डुप्लिकेट केलीय,” म्हणत तो भरदुपारी चोरपावलांनी घरात शिरला. मागच्या खोलीत सासूबाई हेडफोन लावून बसलेल्या, हातात लाल वायर. “आई, तुम्ही?” “प्लोवदिवच्या टेलिफोन एक्स्चेंजात तीस वर्षं वायरी जोडल्या मी, जावईबापू. तुम्ही दोन यंत्रं तोंडाला तोंड लावून ठेवलीत! दोघंही बोलणार, मग ऐकणार कोण? एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला हवं.” त्यांनी वायर खोचली. महिनाभर फटकून वागणारी यंत्रं एका तालात वाजली. सासूबाईंनी त्याचा फोन उचलला. “मोमचिलला जोडून देते. आता बोलेल तो, ऐकायचं तुम्ही.”